मनीऑर्डरचा हिशेब

स्थलांतर आणि विकास या विषयावरचे धोरणाचे कागद वाचायला घेतले की एक सल्ला हमखास भेटतो: बाहेर गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा गावाच्या विकासाला लावा. वर्ल्ड बँकेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये भारतात परदेशातून येणारा असा पैसा पहिल्यांदाच १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्यामुळे हा सल्ला आता जास्तच जोरात ऐकू येतो. तुमच्या घरातूनही कुणी ना कुणी दर महिन्याला पैसे पाठवत असणार. म्हणून हा प्रश्न नुसता अभ्यासकांचा नाही, तुमचाही आहे.

पण ही कल्पना नवी आहे असं समजायचं कारण नाही. आपल्याकडे ती दीडशे वर्षं प्रत्यक्षात चालू आहे. तिचं नाव कोकण.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची. कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोनेक वर्षांत गिरणी सुरू झाली. पुढे गिरणगाव वाढत गेलं, तशी रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं येत गेली. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही याच जिल्ह्यात होता. डोंगरउतारावरची भात-नाचणीची शेती, भावाभावांत पडलेले तुकडे, आणि वर खोताचा वाटा. एवढ्यात वर्षभर पोट भरणं कठीण. मग एक भाऊ शेतावर, दुसरा मुंबईला.

१८८० मध्ये पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली आणि या व्यवस्थेला वाट मिळाली. गावात आलेल्या पैशाचं काय झालं? खोताचा खंड, सावकाराचं व्याज, पावसाळ्याचा तांदूळ, घरावरची कौलं, बहिणीचं लग्न. घर चाललं, पण शेती होती तिथेच राहिली. कारण अडचण पैशाची होती तेवढीच जमिनीच्या मालकीचीही होती. डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडलं, पण कायदा व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. जी गोष्ट कायद्याने करायची, ती मनीऑर्डरने कशी होणार?

आता हिशेबाची दुसरी बाजू बघू. आपण नेहमी विचारतो की मुंबईने गावाला किती दिलं. गावाने मुंबईला काय दिलं, हे कुणी विचारत नाही. कामगार लहानाचा मोठा झाला गावात. आजारी पडला की तो जायचा गावी. म्हातारपण काढायचं तेही गावीच. मुंबईत एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. बायको गावी शेत, गुरं, पोरं, सासू-सासरे सांभाळायची. मजुरीत कुटुंबाचं भागत नसतानाही गिरणी चालू शकली, ती या बायकांच्या कष्टांवर. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरीत दर १००० पुरुषांमागे ११०० हून जास्त स्त्रिया आहेत, ती याच इतिहासाची खूण. थोडक्यात, मनीऑर्डर म्हणजे गावाने आधीच भरलेल्या खर्चाची थोडीशी परतफेड होती.

गाव आणखी एका वेळी उपयोगी पडायचं, संपात. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. गावाशी नातं टिकवणारा कामगार अर्धामुर्धा शेतकरीच असतो, तो काय लढणार, असा एक जुना समज होता. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी तो उलटा करून दाखवला: गावचा आधार होता, म्हणून तर लांबचा संप झेपत होता. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही कित्येकांनी गावची वाट धरली. तो संप मात्र हरला, आणि त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. बेरोजगारी भत्ता कुठेच नव्हता. तो भार पुन्हा गावानेच उचलला.

मग सरकारने यात करायचं काय? दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत.

पहिलं मेक्सिकोचं. अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन लोकांच्या गावमंडळांनी एक पेसो दिला, की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालणार. साकातेकास राज्यात रुजलेली ही योजना २००२ पासून देशभर आली. आपल्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणी काढून शाळा, देवळं, रस्ते केले, ते अशा कुठल्याही जोडीशिवाय. पण मेक्सिकोतली टीकाही लक्षात ठेवा: ज्या गावाचं बाहेर मंडळ होतं, त्यालाच पैसा मिळायचा. जिथून कुणाला जाणंच परवडलं नाही, ते सगळ्यात गरीब गाव तसंच राहायचं.

दुसरं महाराष्ट्राचं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला, तो पगारदारांच्या पगारातून कापला जाऊ लागला. म्हणजे शहराचा पैसा गावात गेला, पण मुलाच्या पाकिटातून आईच्या हातात नव्हे, तर कायद्याने. ज्या घरातून कुणीच मुंबईला गेलं नव्हतं, त्या घरालाही तो मागता आला. योजनेत त्रुटी खूप होत्या. मराठवाड्यातले ऊसतोड कामगार आजही दरवर्षी कोयता घेऊन निघतात. तरी फरक मूलभूत आहे: एक पैसा नात्याने मिळतो, दुसरा हक्काने.

विकास झाला की लोक जायचे थांबतील, हेही कोकणात खरं ठरलं नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, शाळा-कॉलेजं वाढली, आणि २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. शिकलेल्या माणसाला जाण्याच्या वाटा जास्त असतात. तुम्ही-आम्ही परदेशात आहोत, तेही बहुतेक याच कारणाने.

म्हणून पुढच्या वेळी कुणी म्हणालं, 'परदेशातल्या मराठी माणसाने गावाचा विकास करावा,' तर पैसे जरूर पाठवा. पण सोबत विचारा: जमीन, पाणी, दवाखाना यांची जबाबदारी कोणाची? ती मनीऑर्डरवर ढकलून कोकणाने दीडशे वर्षं काढली. आणि आपण जावं म्हणून मागे कोणी काय सांभाळलं, तेही त्याच वहीत लिहा.