बेटावरचे पहिले रहिवासी

फुलपाड्याहून जीवदानीच्या डोंगरावर चढले की पश्चिमेला अर्नाळ्याचा समुद्र दिसतो. वीस हजार वर्षांपूर्वी तो इतका जवळ नव्हताच. पाणी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होते. साष्टी काय, वसई काय, ही बेटे नव्हती. पाणी चढले, बेटे झाली आणि जुना किनारा बुडाला.

उरलेला पुरावा चिमुकला आहे. के. आर. यू. टॉड या आरमारी अधिकाऱ्याने मुंबई-साष्टीत नखाएवढी दगडी पाती वेचली आणि १९५० साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. अशी पाती लाकडात बसवली की भाला होतो, सुरी होते. तिने मासा कापला की हरीण? ते हाडे सांगतात. आणि आपल्या दमट मातीत हाडे टिकत नाहीत हो!

गुराढोरांचे म्हणाल, तर घाट चढावा लागतो. घोडनदीकाठी इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वी गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळत. आणि तिथे शंखाच्या बांगड्याही सापडल्या. शंख काही घोडनदीत मिळत नाही. तो आमच्या किनाऱ्यावरून गेला, की सौराष्ट्राच्या? मला हा प्रश्न राजेरजवाड्यांच्या सनावळ्यांहून मोलाचा वाटतो. तेव्हा घराचा पाया खणताना असे एखादे पाते हाती आले, तर खडीत टाकू नका. जागा लिहून ठेवा.