व्हँकुव्हरची संदर्भपद्धती
१९७८च्या जानेवारीत कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक एकत्र आले, तेव्हा त्यांच्यापुढील प्रश्न वरकरणी किरकोळ, पण संशोधकांना जाचक होता: संदर्भ देण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असल्याने, एका नियतकालिकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवताना संदर्भसूची नव्याने टंकलिखित करावी लागे. १९७९मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समान नियमांनी संदर्भांना मजकुरातील प्रथम उल्लेखाच्या क्रमाने अंक दिले. लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष कंसात देण्याची, हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१मध्ये वापरलेली पद्धत त्यांनी स्वीकारली नाही. नोंदींचा साचा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने घडवला, तर नियतकालिकांच्या नावांचे संक्षेप ‘इंडेक्स मेडिकस’प्रमाणे, म्हणजे जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९मध्ये सुरू केलेल्या वैद्यकीय लेखांच्या सूचीप्रमाणे ठरले. अंकांमुळे वाक्याचा ओघ तुटत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. मात्र मध्येच एक संदर्भ वाढला की त्यापुढचे सारे अंक बदलावे लागत, आणि संगणक येण्यापूर्वी तो भार टंकलेखकांनी वाहिला, ज्यांचा उल्लेख या इतिहासात क्वचितच होतो.