वैद्याची सनद आणि हाडवैद्याचा हात

माडावरून पडलेला पाडेली किंवा रापण ओढताना कंबर धरलेला गाबीत ह्यांना वैद्यकशास्त्राच्या पंथांतील भेद कोणी विचारला, तर त्यांना तो सांगता येणार नाही. त्यांस फक्त एवढेच ठाऊक असते की, अमक्या वाडीत हाडे बसविणारा एक मनुष्य आहे, त्याच्या बापाचा हात चांगला होता, आणि त्याचाही आहे. मालवणच्या किनाऱ्यावर हा विश्वास पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकात ह्या मनुष्यास नाव नाही. ते का नाही, आणि नसणे कितपत योग्य, ह्या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात पाहणार आहोत.

वैद्यकीच्या परवान्याची कल्पना इंग्रजांनीच ह्या प्रांती आणली, असा समज आढळतो; तो बरोबर नाही. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात, पोर्तुगीज नगरसभेने १६१८ साली परीक्षेवाचून वैद्यकी करण्यास मनाई केली, आणि शहरातील हिंदू वैद्यांची संख्या तीसपर्यंत मर्यादित केली. ह्या नियमात रोग्याच्या हिताची चिंता किती आणि परधर्मी प्रतिस्पर्ध्यांची भीती किती, हे आज निवडून सांगणे कठीण आहे. वैद्यकीच्या नियमनाचा पुढील सर्व इतिहास ह्या एकाच संशयाने ग्रासलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. रोग्याचे रक्षण आणि धंद्याचे रक्षण ही दोन्ही कामे एकाच पहारेकऱ्यावर सोपविली, तर तो नेमका कोणासाठी जागतो, हे सांगता येत नाही.

इंग्रजी अमलात ह्या प्रकारास व्यवस्थित रूप आले. विलायतेत १८५८ साली वैद्यकाचा कायदा झाला होता. त्याच धर्तीवर मुंबई इलाख्याने १९१२ साली आपला कायदा केला आणि मुंबई मेडिकल कौन्सिल स्थापन झाले. हिंदुस्थानातील प्रांतांत असा कायदा प्रथम करण्याचा मान मुंबईकडे जातो. बंगाल व मद्रास येथील कायदे १९१४ चे आहेत. ह्या कायद्याने वैद्यांचा धंदा बंद पाडला नाही. त्याने फक्त पाश्चात्य विद्येच्या डॉक्टरांचे पटक तयार केले. परंतु सरकारी नोकरी आणि ग्राह्य दाखला ज्याच्या हाती, त्याचीच प्रतिष्ठा, हे व्यवहारात ठरून गेले. १९१६ साली पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या देण्यावरही निर्बंध घालण्यात आला.

ह्याला उत्तर देण्याची तयारी वैद्यांनी आधीच चालविली होती. शंकर दाजीशास्त्री पदे ह्यांनी १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलन भरविले. तेव्हापासून गावोगावचा एकटा वैद्य एका व्यवसायाचा घटक झाला, आणि सभा, ठराव, परीक्षा व विद्यालये ही नव्या काळाची साधने त्याच्या हाती आली. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ साली निघाले, ते ह्याच प्रवाहातले. पदेशास्त्री १९०९ सालीच निवर्तले. आपण पेरलेले कायद्याच्या रूपाने उगवलेले त्यांस पाहावयास मिळाले नाही.

ते उगवले १९३८ साली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात आरोग्यखाते डॉ. गिल्डर ह्यांच्याकडे होते. पाश्चात्य विद्येत निष्णात असलेल्या ह्या डॉक्टराच्या कारकीर्दीत मुंबई सरकारने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी करणारा कायदा केला. ज्यांच्यापाशी विद्यालयाची पदवी नव्हती, परंतु ज्यांचा धंदा प्रत्यक्ष चालू होता, त्यांच्यासाठी वेगळी यादी ठेवण्यात आली. ४ नोव्हेंबर १९४१ रोजी धंदा करीत असणे ही त्या यादीची कसोटी होती. एका तारखेच्या अलीकडचा वैद्य आणि पलीकडचा भोंदू, ही विभागणी चमत्कारिक दिसते खरी. परंतु चालू पिढीच्या पोटावर पाय न देता पुढील पिढीस शिक्षणाचे बंधन घालावयाचे, तर दुसरा मार्ग कोणता होता?

ह्या सर्व प्रकारात आमच्या किनाऱ्याची स्थिती मोठी विलक्षण होती. मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे १८१२ पासून इंग्रजांकडे, कुडाळ व वाडी सावंतवाडी संस्थानात, आणि तेरेखोलचा किल्ला पोर्तुगीजांकडे. म्हणजे एका दिवसाच्या चालीत तीन राजवटी लागत. मुंबईचा कायदा मालवणात लागू होता, तो संस्थानात आपोआप लागू होत नसे. आणि गोव्यात तर १८४२ पासून स्वतःची वैद्यकशाळाच होती. मोडलेले हाड मात्र तिन्ही राज्यांत सारखेच दुखे! १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९६१ साली गोवा मुक्त झाला, आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. राज्यांच्या सीमा पुसल्या गेल्या. वैद्य आणि अवैद्य ह्यांमधील सीमा मात्र अधिक ठळक झाली. १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने नोंदणीवाचून वैद्यकी करण्यास मनाई केली.

आता हाडवैद्याकडे वळू. आयुर्वेदास ग्रंथ होते; युनानीस ग्रंथ होते; होमिओपथीस जर्मन आचार्य आणि छापील पुस्तके होती, व १९५९ साली तिलाही आपला कायदा मिळाला. हाडवैद्यापाशी बांबूच्या कामट्या, तेल आणि बोटांतील ज्ञान एवढेच होते. ज्या विद्येस ग्रंथ नाही तिची परीक्षा घ्यावयाची कशी, हे कोणत्याही मंडळास उमगले नाही. आणि हाडवैद्यांनी सभा भरविली नाही, मासिक काढले नाही, मंत्र्यास शिष्टमंडळ भेटविले नाही. ज्यांस पदेशास्त्री मिळाले ते यादीत आले. ज्यांस मिळाले नाहीत ते बाहेर राहिले.

ह्याच्या उलट उदाहरण अमेरिकेत दिसते. डॅनिएल डेव्हिड पामर नावाच्या गृहस्थाने १८९५ साली डॅव्हेनपोर्ट गावी पाठीचे मणके हाताने सारून उपचार करण्याची पद्धती सुरू केली व तिला कायरोप्रॅक्टिक हे नाव दिले. १९०६ साली परवान्यावाचून वैद्यकी केल्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हा दंड न भरता त्याने तुरुंग पत्करला. पुढील वर्षी मोरिकुबो नावाच्या एका जपानी अनुयायावर विस्कॉन्सिन संस्थानात खटला झाला. 'ही वैद्यकी नव्हे, ऑस्टिओपथीही नव्हे, ही अगदी निराळी विद्या आहे,' असा त्याच्या वकिलाचा बचाव होता, आणि मोरिकुबो सुटला. ह्या बचावाचा परिणाम दूरवर झाला. कोर्टात निराळे ठरण्यासाठी पंथास आपले निराळे तत्त्वज्ञान मिरवावे लागले, आणि ज्या तत्त्वज्ञानाने तो तुरुंगातून वाचला त्याच तत्त्वज्ञानाने तो शास्त्रज्ञांच्या उपहासास पात्र झाला. आमच्याकडे 'शुद्ध' आणि 'मिश्र' आयुर्वेद असा जो वाद माजला, त्याचे मूळही बरेचसे असेच आहे.

तरीही कायरोप्रॅक्टिकवाले जिंकले. १९१३ साली कॅन्ससने त्यांच्यासाठी पहिला परवाना-कायदा केला. १९७४ साली लुइझियानाने शेवटचा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमून त्यांच्यावर बहिष्कार चालविला, तेव्हा त्यांनी १९७६ साली तिला कोर्टात खेचले. १९८७ साली न्यायाधीश सुसान गेट्झेनडॅनर ह्यांनी हा बहिष्कार व्यापारस्पर्धेच्या कायद्याचा भंग असल्याचा निकाल दिला. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मणके सारल्याने रोग बरे होतात, असा तो निकाल नव्हता. धंदा करण्याचा हक्क आणि उपचाराचे सत्य ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कोर्टात सिद्ध होते. दुसरी रोग्यांच्या पद्धतशीर निरीक्षणानेच सिद्ध होते.

हा विवेक आमच्या हाडवैद्याविषयीही सुटता कामा नये. त्याच्या हातचा गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु कामट्या घट्ट बांधल्या गेल्या तर रक्ताचा प्रवाह थांबतो, अवयव कुजतो, आणि कोवळ्या मुलाचा हात कापावा लागतो. मानेस दिलेला अविचारी झटका मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाडू शकतो, मग तो झटका अमेरिकेतील पदवीधराने दिलेला असो की वाडीतील म्हाताऱ्याने. परंपरेचा अभिमान अशा वेळी रोग्याच्या कामी येत नाही. पूनम वर्मा ह्यांच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने होमिओपथीच्या डॉक्टरास पाश्चात्य औषधे दिल्याबद्दल दोषी ठरविले, त्याचे मर्म हेच की, ज्या विद्येचे शिक्षण नाही तिचा प्रयोग दुसऱ्याच्या देहावर करण्याचा अधिकार कोणास नाही.

तेव्हा नोंदणी हवी, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पटक तयार करणाऱ्यांनी दार बंद करताना बाहेर कोण राहिले हेही पाहावयास हवे होते. ज्यांची बोटे मोड कोठे आहे हे चाचपून सांगत, त्यांस क्ष-किरणांचे चित्र वाचावयास, बंध सैल करावयास आणि रोगी केव्हा रुग्णालयात धाडावा हे ओळखावयास शिकविणे फार अवघड नव्हते. सरकारने सुईणींस शिकविलेच ना? १९४१ च्या तारखेने वैद्यांवर जी उदारता दाखविली, तिचा एक अंश हाडवैद्यांच्या वाट्यास आला असता, तर एक कला सुधारली असती आणि काही हातपाय वाचले असते.

आता महाराष्ट्रात भौतिकोपचाराचा २००२ चा कायदा आहे, आणि ओरोस येथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. कोकणातील तरुणास सनद घेऊन हाच धंदा शिकता येतो, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पावसाळ्यातील एखाद्या रात्री माडावरून पडलेल्या माणसास खाटेवर घालून त्याचे आप्त आजही कोणत्या दारी प्रथम जातात, ते त्या दारी जाणाऱ्यांस विचारावे. सनद दूर आणि हात जवळ असेल, तोवर मनुष्य हातच धरील. त्याचा विश्वास मोडून काढण्यापेक्षा सनद त्याच्या वाडीपर्यंत नेणे, हेच नियमनाचे खरे काम आहे, असे आम्हांस वाटते.