पेटी, पीडीएफ आणि ओयू नंबर

मंडळी, या शनिवारी कोडिंगला सुट्टी, थोडा इतिहास. विषय दिसायला टेक्निकल आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या (आमच्या तोंडी अजून उस्मानाबादच येतं, २०२३ ला नाव बदललं तरी) आठ-दहा गावच्या वाचनालयांनी मिळून ई-बुकांचा एकच सामायिक संग्रह करायचा ठरवला, तर काय काय लागेल? गावाकडच्या मित्रांनी मला विचारलं, कारण मी ‘कॉम्प्युटरवाला’. त्यांच्या डोक्यात सर्व्हर, अ‍ॅप, लॉगिन वगैरे होतं. मी खोदत गेलो आणि सर्व्हर हा यातला सगळ्यात किरकोळ भाग निघाला.

अनेक गावांत एकच संग्रह फिरवायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ती बघायला बडोद्याला जावं लागतं. सयाजीराव गायकवाडांनी (जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, म्हणजे आपलाच माणूस) १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोरं वाचायला शिकली, पण पुढे वाचणार काय? म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि स्वतंत्र ग्रंथालय खातंच उघडलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फिरती पेटी. लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरायची आणि सरकारी खर्चानं गावी पाठवायची. वाचून झाली की पेटी परत, मग दुसऱ्या गावाला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावानं साधारण हेच केलं आणि त्यांच्या पेट्या पार परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेल्या.

पेटीमागचं लॉजिक साधं आहे. पुस्तक विकत घेतलं की ते ग्रंथालयाचं. शंभर जणांना दिलं तरी प्रकाशक विचारायला येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मराठवाडा. बडोद्यात पेट्या फिरत होत्या तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. सरकारी भाषा उर्दू. मराठी पुस्तकं छापणारे बहुतेक सगळे पुण्या-मुंबईकडे, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. उस्मानाबादला शेजारी सोलापूर जिल्हा होता, बार्शी तर अगदी लागून, पण ते वेगळं राज्य! सभा घ्यायची तर परवानगी लागायची (ते कुप्रसिद्ध ‘गश्ती ५३’ परिपत्रक). अशा वेळी वाचनालय म्हणजे नुसती पुस्तकांची खोली उरत नाही, चार माणसं मराठीत बोलायला जमतात ती जागा होते. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं. त्याच वर्षी हैदराबादेत तेलुगू मंडळींनी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम काढलं. एकाच राज्यात, एकाच वर्षी दोन भाषांची दोन वाचनालयं. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

हैदराबाद राज्यानं १९५५ मध्ये ग्रंथालय कायदा केला खरा, पण १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही, सगळी भिस्त अनुदानावर. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि छोट्या गावातलं वाचनालय बहुधा ड वर्गात. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं तेव्हा ड वर्गाचे वर्षाचे ३०,००० रुपये ४८,००० झाले. यातच ग्रंथपालाचं मानधन, वीज, वर्तमानपत्रं आणि पुस्तकं. (पुण्यात एवढ्यात चांगला फोनसुद्धा येत नाही. असो.)

म्हणजे सामायिक संग्रहाची सगळ्यात जास्त गरज याच वाचनालयांना आहे. आता ई-बुकाकडे वळू.

ई-बुक घेतल्यावर ग्रंथालयाच्या हातात बहुतेक वेळा पुस्तक येत नाही, लायसन्स येतं. अमेरिकेत २०११ मध्ये हार्परकॉलिन्सनं ग्रंथालयांना सांगितलं, की एक ई-बुक २६ वेळा दिलं की संपलं, पुन्हा पैसे भरा! कागदी पुस्तक २६ वाचकांनंतर फार तर बाइंडरकडे जातं. मराठीत तर लायसन्सपर्यंत पोचायलाच उशीर झाला. वर्षानुवर्षं आपली पुस्तकं श्री-लिपीसारख्या नॉन-युनिकोड फॉन्टात डीटीपी व्हायची. ती फाईल दुसरीकडे उघडली की अक्षरांचा चिवडा. किंडलवर अधिकृतपणे मराठी आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, आणि तीही एकट्या वाचकाला विकण्यासाठी. त्यात गावच्या वाचनालयाचा विचार नव्हता.

मग ‘आपल्या कपाटातलं पुस्तक स्कॅन करून दहा वाचनालयांना पाठवू’? कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ ला दुरुस्ती झाली. ग्रंथालयाकडे कागदी प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. जतनासाठी, वाटण्यासाठी नाही. त्याच दुरुस्तीनं अंध आणि इतर दिव्यांग वाचकांसाठी मात्र दार उघडलं आणि त्यातून २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ उभं राहिलं. अनेक संस्थांनी मिळून केलेला, कायदेशीर, सामायिक ई-संग्रह! आपल्याला हवं तेच, पण फक्त ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी.

स्पर्धा परीक्षावाल्या पोरांचा ‘सामायिक संग्रह’ कधीच तयार आहे, टेलिग्रामवर. कोणी खरेदी केलेलं पुस्तक कोणीतरी स्कॅन करतं आणि हजारोंना जातं. पोरांवर मी चिडू शकत नाही, पण वाचनालयानं ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती बऱ्याचदा हजार प्रतींची असते आणि त्यातला मोठा वाटा याच अनुदानित ग्रंथालयांकडे जातो. गिऱ्हाईकानंच चोरी केली तर पुढचं पुस्तक कोण छापणार?

मग उरलं काय? उरलं ते थोडं नाही. आपल्याकडे लेखक वारल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. (आधी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ ला गेले, १९९१ संपताना त्यांचे हक्क संपणार होते, तेव्हा सरकारनं घाईनं दहा वर्षं वाढवली.) म्हणजे ह. ना. आपटे, गडकरी, राजवाडे, केतकर कधीच मोकळे झालेत. साने गुरुजी २०११ पासून. आणि रियासतकार सरदेसाई १९५९ ला गेले, म्हणजे २०२० पासून. हे सरदेसाई अनेक वर्षं बडोद्याला सयाजीरावांच्याच नोकरीत होते. यात साहित्य संस्कृती मंडळानं फुकट ठेवलेल्या पीडीएफ धरल्या, की चांगलं मोठं कपाट भरतं.

आणि गंमत बघा, यातली पुष्कळ पुस्तकं आधीच स्कॅन झालेली आहेत. २००२ च्या सुमारास कार्नेगी मेलनच्या राज रेड्डींच्या ‘मिलियन बुक’ प्रकल्पाची भारतातली शाखा म्हणून डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया सुरू झाली. देशभर स्कॅनिंग सेंटरं होती, त्यात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची पुस्तकंही गेली. ते स्कॅन ओळखू येतात. पहिल्या पानावर ‘युनिव्हर्सल लायब्ररी’ आणि ‘ओयू’नं सुरू होणारा नंबर, कधी त्याआधी ‘टाइट बाइंडिंग बुक’ किंवा ‘पेजेस मिसिंग’ अशी प्रामाणिक कबुली. त्यात मराठी पुस्तकंही आहेत. ज्या निजामाच्या नावावरून उस्मानाबाद, त्याच्याच नावाचं १९१८ चं उर्दू माध्यमाचं विद्यापीठ. त्याच्या कपाटात जपलेलं मराठी पुस्तक आज तुळजापूरच्या फोनवर उघडतं. २०१७ च्या सुमारास मूळ साइट कॉपीराइटच्या कारणानं बंद पडली, पण तोवर चार लाखांहून जास्त पुस्तकांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर गेल्या होत्या. म्हणून म्हटलं, सर्व्हरची काळजी नको.

अडचण सापडण्याची आहे. नावं रोमन लिपीत, टायपिस्टच्या कानाला ऐकू आली तशी. एकाच लेखकाची चार स्पेलिंगं, मराठी पुस्तकापुढे भाषा ‘हिंदी’, चार खंडांना एकच नाव. देवनागरीत सर्च करा, शून्य रिझल्ट. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबल भरलेलं आहे, इंडेक्स नाही. शिवाय मोकळी आणि हक्कातली पुस्तकं एकाच ढिगात, त्यामुळे प्रत्येक लेखकाचं मृत्युवर्ष तपासणं आलंच.

तर मित्रांना मी अ‍ॅपऐवजी एक एक्सेल शीट दिली. कॉलम असे: देवनागरीत नाव, लेखक, मृत्युवर्ष, खंड, लिंक, कोणती पानं गायब. शेवटचा कॉलम आहे ‘कागदी प्रत कोणाकडे’. हैदराबादच्या स्कॅनमध्ये जे पान नाही ते परंड्याच्या किंवा उमरग्याच्या कपाटातल्या जुन्या प्रतीत असू शकतं. हक्क संपलेल्या पुस्तकाचं तेवढं एक पान फोनवर टिपून जोडायला कायद्याची काहीच हरकत नाही. कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे असते, म्हणून हा कॉलम मी पुण्यात बसून भरू शकत नाही. सध्या तरी तो जवळजवळ रिकामा आहे.