हडसनच्या खोऱ्यातील वंशावळी

न्यूयॉर्कमध्ये १८८५ साली 'हॉलंड सोसायटी' नावाची संस्था निघाली. तिच्या सभासदत्वाची अट बोलकी होती. आपला पूर्वज १६७५ मध्ये किंवा त्यापूर्वी तिथल्या डच वसाहतीत राहत होता आणि आपण त्याच्या थेट पुरुषवंशातले आहोत, हे सिद्ध करावे लागे. आपल्याला नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आठवाव्यात! कुळाचा अभिमान समुद्रापलीकडेही असाच असतो.

पण हे कुळ आले कोठून? १६०९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा चाकर हेन्री हडसन या नदीतून वर गेला. १६२४ मध्ये, आज ऑल्बनी आहे तिथे, डचांनी कातड्यांच्या व्यापारासाठी ठाणे वसवले. १६२९ च्या सनदेने ठरवले की जो चार वर्षांत पन्नास प्रौढ माणसे वसवील त्याला नदीकाठची जहागीर मिळेल. किलियान व्हान रेन्सेलार या ॲमस्टरडॅमच्या जवाहिऱ्याने लगेच आपल्या माणसांकरवी मोहिकन लोकांकडून प्रचंड जमीन 'खरेदी' केली. स्वतः त्याने ती कधी डोळ्यांनी पाहिली नाही. ज्यांची जमीन होती ते मोहिकन मात्र पुढे सरकत सरकत विस्कॉन्सिनपर्यंत ढकलले गेले. जहागीरदाराचे घराणे पुस्तकांत राहिले.

याच खोऱ्यात आणखी एक माणूस राबत होता. १६२६ च्या सुमारास डच वेस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकी गुलाम आणले. कंपनीच्या कागदांत त्यांची नावे आहेत : पाओलो अंगोला, सिमोन काँगो. ज्या मुलुखातून आणले, तेच आडनाव. १६४४ मध्ये अशा अकरा जणांना कंपनीने बायकांसह 'मुक्त' केले. अट अशी की दरसाल धान्य आणि एक पुष्ट डुक्कर कंपनीला द्यायचे आणि त्यांची मुले, जन्मलेली व जन्मायची सगळी, कंपनीची गुलामच राहायची. बाप मोकळा आणि पोर बांधलेले! जन्मावर माणसाची जागा ठरवणारी व्यवस्था आपण नीट ओळखतो. तिला तिथे धर्मग्रंथाची गरज पडली नाही, ठराव पुरला.

१६६४ मध्ये इंग्रज आले. धनी बदलले, गुलामी तशीच राहिली. अल्स्टर परगण्यात, एका डच घरात, १७९७ च्या सुमारास इझाबेला नावाची मुलगी जन्मली. हीच पुढे सोजर्नर ट्रूथ म्हणून प्रसिद्ध झाली. तिची पहिली भाषा डच होती. तिची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नाही. पण नऊएक वर्षांची असताना मेंढ्यांच्या कळपासकट ती शंभर डॉलरला विकली गेली, हे मात्र ठाऊक आहे. तिच्या लहानग्या पीटरला बेकायदा अलाबामात विकले, तेव्हा निरक्षर असलेल्या या बाईने न्यायालय गाठले आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला. गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या बाईने जिंकलेल्या या खटल्याचे कागद न्यूयॉर्क राज्याच्या दप्तरखान्यात २०२२ मध्ये सापडले. इतकी वर्षे ते कुणाला सापडले नव्हते. कोणाची वंशावळ शोधायची, हेही अखेर कोणीतरी ठरवत असतेच. न्यूयॉर्कमधील गुलामगिरी १८२७ मध्ये कायद्याने संपली होती.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले. ते वाचताना मी विद्यार्थ्यांना हडसनचे खोरे सांगतो. वर्गात एकदा एका मुलाने विचारले, "सर, तुमची वंशावळ किती पिढ्यांची?" मी म्हणालो, तीन. आजोबांच्या वडिलांचे नाव घरात कुणाला आठवत नव्हते. ते मला तालुक्याच्या कचेरीत, वतनाच्या जुन्या कागदावर मिळाले. १९५८ च्या कायद्याने ते वतन संपवले गेले. कागदावर त्यांच्या नावापुढे जमिनीचा तुकडा आणि गावाला करायची कामे होती. त्यांच्या वडिलांचे नाव नव्हते.