नौकांच्या लाकडी प्रतिकृती आणि हत्यारांची निवड

नौकानयनाच्या इतिहासाचा अभ्यासक ज्या साधनांवर विसंबतो, त्यांत लाकडी प्रतिकृतींचे स्थान मोठे आहे. मूळ जहाजे कुजली, जळाली किंवा मोडीत निघाली. त्यांच्या छोट्या आवृत्त्या मात्र थडग्यांतून, प्रार्थनामंदिरांतून आणि संग्रहालयांतून टिकून राहिल्या. साहजिकच त्यांच्यावरून मूळ नौकेची बांधणी अनुमानण्याचा मोह होतो. परंतु असे अनुमान करण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे, व तो फारसा विचारला जात नाही: ही प्रतिकृती घडविणाऱ्याने कोणती हत्यारे निवडली होती? हत्याराची निवड ही केवळ सोयीची बाब नसून, प्रतिकृतीने मूळ वस्तूचे कोणते अंग दाखवावयाचे व कोणते सोडून द्यावयाचे, याचा बराचसा निर्णय तीतच होऊन जातो.

प्रथम ईजिप्तचे उदाहरण घेऊ. थीब्ज येथील मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० साली हर्बर्ट विन्लॉक यांना चोवीस लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्यांचा काळ इ. स. पूर्व २००० च्या सुमाराचा. त्यांतील निम्म्याच्या आसपास नौकांच्या आहेत. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती एका सुतारशाळेची प्रतिकृती. खांबाला उभी बांधलेली फळी करवतीने कापणारा एक कारागीर, वाकसाने लाकूड तासणारे दुसरे, पटाशी व मोगरी घेऊन भोक पाडणारा तिसरा, आणि हत्यारांनी भरलेली एक पेटी असे सारे दृश्य तीत मांडले आहे. रंधा तेथे नाही, कारण तो ईजिप्तच्या सुताराला ठाऊकच नव्हता. पृष्ठभाग गुळगुळीत करण्याचे काम वालुकाश्माच्या गोट्याने होई. म्हणजे ज्या थडग्यात नौका आहेत, त्याच थडग्यात त्या काळच्या सुताराची हत्यारेही आपल्यासमोर ठेवलेली आहेत. असा योग इतिहासात क्वचितच येतो.

आता त्याच थडग्यातील नौकांकडे पाहावे. त्यांची कूस अखंड लाकडातून तासून काढलेली असून वर रंग चढविलेला आहे. हे काम वाकस व पटाशी यांचे. बाह्य आकार, नाळेचा उठाव, वल्हेकऱ्यांची जागा, छपराची ठेवण हे सर्व त्यांत येते. फळीला फळी कशी जोडली होती, हे मात्र येत नाही, आणि येणार तरी कसे? जोडण्याचे काम ज्या हत्यारांनी होते, ती येथे नौकेच्या कुशीवर चाललीच नाहीत. याउलट १९५४ साली गीझा येथे सापडलेली खुफू राजाची नौका पाहा. सुमारे ४३ मीटर लांबीची ही देवदारी नौका १,२२४ सुट्या तुकड्यांची असून, तिच्या फळ्या आतल्या बाजूच्या तिरकस भोकांतून दोर ओवून शिवल्या होत्या. ती पुन्हा उभी करण्याचे काम अहमद युसुफ मुस्तफा यांच्याकडे होते. त्यांनी नाईलकाठच्या नौका बांधणाऱ्यांचे काम पाहिले, आणि तुकड्यांची लहान प्रतिकृती करून त्यांची जुळणी अजमाविली. मेकेत्रेच्या कारागिराने नौका तासली. मुस्तफांना ती जुळवावी लागली. बांधणीविषयीच्या प्रश्नाला दुसरीच प्रतिकृती उत्तर देऊ शकत होती. पहिली निकृष्ट होती असा याचा अर्थ नव्हे. परलोकातील प्रवासाला नौकेची शिवण दिसण्याची आवश्यकता नव्हती, इतकेच.

हत्यारांच्या निवडीचा खरा पेच मात्र इंग्लंडातील ‘नेव्ही बोर्ड’ प्रतिकृतींत दिसतो. सतराव्या शतकाच्या मध्यापासून शतकभर घडविल्या गेलेल्या या प्रतिकृती बहुधा एका फुटास पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणात आहेत. या प्रमाणाचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. जहाजाची बारा इंच जाडीची फासळी येथे पाव इंचाची होते. तीन इंचांची फळी एका इंचाच्या सोळाव्या भागाइतकी, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी जाड. आणि फळी ठोकण्याची दीड इंच व्यासाची लाकडी खुंटी एक मिलिमीटरहूनही बारीक. प्रमाणाने जहाज लहान होते. पण लाकडाचा तंतू लहान होत नाही, व माणसाचे बोटही लहान होत नाही. ओक हे जहाजाचे लाकूड इतक्या लहान मापात भरड तंतूमुळे तडकते. म्हणून नासपती व बॉक्सवुड अशी घट्ट, बारीक तंतूची लाकडे पत्करावी लागली. आणि लाकूड बदलले की हत्यारही बदलते. जहाजाच्या सुताराचे गिरमिट, त्याचा वाकस, त्याची दोघांनी ओढावयाची करवत, यांपैकी काहीही येथे उपयोगी नाही. येथे हवी ती केसासारख्या पात्याची करवत, बारीक कानस, कमानीने फिरणारा सूक्ष्म सामता. आणि खुंट्या एकसारख्या गोल करण्यासाठी, सोनार तार ओढतो तशी भोकांची पोलादी पट्टी. लहान मापाचे जहाज बांधू पाहणारा सुतार अशा रीतीने अर्धा सोनार होतो.

भाषेच्या अभ्यासकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. मराठीत वाकस, रंधा, पटाशी हे शब्द सुताराच्या घरचे, चिमटा व तार ओढण्याची पट्टी सोनाराकडची, कानस दोघांचीही. प्रतिकृतीकाराच्या पेटीला एका धंद्याचे नाव देता येत नाही, म्हणून तिचे वर्णन करताना दोन्ही शब्दसंग्रह हाताशी असावे लागतात. ‘गिरमिट’ तर इंग्रजी ‘गिमलेट’वरून आलेले. ‘अॅग्रीमेंट’पासून झालेला, मजुरांच्या कराराचा ‘गिरमिट’ त्याच्याशी केवळ रूपाने सारखा. दोहोंची गल्लत करू नये.

या इंग्लिश प्रतिकृती फासळ्यांसह बांधलेल्या असून खालच्या भागात फळ्या न मारता सांगाडा उघडा ठेवलेला असतो. त्यामुळे त्यांच्यावर आपला विश्वास चटकन बसतो. वस्तुतः येथेच सावधगिरी हवी. फासळ्यांचे तुकडे व त्यांमधील मोकळ्या जागा यांची जी नेटकी नक्षी तेथे दिसते, ती एक रूढ संकेत आहे. प्रत्यक्ष जहाजाच्या फासळ्या तशा जोडल्या जात नसत. हत्यारे जोडणीची होती एवढ्यावरून जोडणी खरी ठरत नाही. तेव्हा अखंड लाकूड तासलेले असल्यास बांधणीचा पुरावा नाही, असे आपण निश्चयाने म्हणू शकतो. याचे उलट विधान मात्र तितक्या निश्चयाने करता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, प्रतिकृतींवर आधारलेल्या पुष्कळ लेखनातील दोष नेमका या ठिकाणी आहे.

हत्यार निवडण्याचे स्वातंत्र्यच नसेल तर काय होते, हे नेपोलियनच्या युद्धांतील कैद्यांच्या कामावरून कळते. पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉस येथे १७९७ साली उघडलेल्या तळावर फ्रेंच व अन्य कैदी शिध्यातील मांसाची हाडे उकळून, स्वच्छ करून त्यांच्या पट्ट्या लाकडी गाभ्यावर बसवीत आणि जहाजे घडवून बाजारात विकीत. त्यांच्यापाशी ना नकाशे होते, ना सुसज्ज कर्मशाळा. मापे डोळ्याच्या अंदाजाने घेतलेली असल्यामुळे प्रमाण पुष्कळदा चुकते, डोलकाठ्या उंच होतात, तोफा मोठ्या दिसतात. तरीही दोरखंडांची मांडणी त्यांत आश्चर्यकारक तपशिलाने येते, कारण कैद्यांत खलाशी होते, आणि गाठ मारावयास बोटांखेरीज हत्यार लागत नाही.

म्हणून संग्रहालयात प्रतिकृतीसमोर उभे राहिल्यावर नावाची पाटी वाचण्यापूर्वी कुशीचा आतला भाग पाहावा. रंगाखाली पटाशीचे ओरखडे आडवे गेले आहेत की फळ्यांच्या सांध्यांच्या रेषा दिसतात. खुंट्या खऱ्या आहेत की नुसते ठिपके काढले आहेत. भोक गोल आहे की कोरलेले, हे टिपून घ्यावे. आतला भाग दिसत नसेल तेथे आता क्ष-किरणांचे साहाय्य मिळू शकते. ते मागण्यास संकोच करू नये.