एक जालना, तीन राज्यं आणि राष्ट्रपतीची निवडणूक : घरी शिकणाऱ्या पोरांना कशी सांगायची?

आपल्या जालन्याची एक गंमत आहे, जी आपल्यातल्याच बऱ्याच जणांना माहीत नाही. देशात राष्ट्रपतीच्या पहिल्या तीन निवडणुका झाल्या १९५२, १९५७ आणि १९६२ साली. या तिन्ही वेळी जालना होतं तिथंच होतं, कुंडलिकाही तिथंच होती, पण मत गेलं ते तीन वेगवेगळ्या राज्यांतून. १९५२ साली आपण हैदराबाद राज्यात. १९५७ साली गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ सगळं एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्यात. आणि १९६२ साली महाराष्ट्रात. घर एकच, पत्ता तीनदा बदलला.

हे आठवायचं कारण असं. जुन्या जालन्यात ओळखीच्या एका घरातली दोन पोरं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. एक आठ वर्षांचा, एक दहा वर्षांची. आई-बाप दोघं शिकलेले, विचार करून घेतलेला निर्णय आहे. (त्यावर कमेंटमध्ये भांडू नका, तो आजचा विषय नाही. पुढं मुक्त विद्यालयाच्या परीक्षेची सोय आहे, तेवढं पुरे.) त्यांच्या आईने मला विचारलं, "दादा, हिला राष्ट्रपतीची निवडणूक कशी समजावू? ती म्हणते आपण मतदान केलंच नाही, मग निवडून कोणी दिलं?"

प्रश्न पोरीचा आहे, पण मोठ्यांना विचारून बघा. गांधी चमनवर उभं राहून दहा जणांना विचारलं तर आठ जण म्हणतील, "पंतप्रधान नेमतात". एखादा अमेरिकेचंच सांगेल. २०२० च्या नोव्हेंबरात शाळा बंद होत्या, सगळी पोरं घरात टीव्हीपुढं होती. त्यांना ट्रम्प आणि बायडेन तोंडपाठ झाले. आपला राष्ट्रपती कसा होतो हे मात्र पाचवीतलं पोरगं सोडा, त्याच्या बापालाही धड सांगता येत नव्हतं.

मी त्या ताईंना म्हटलं, व्याख्येपासून सुरू करू नका, निजामापासून करा.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, हे पोरांना मुक्तिसंग्राम दिनामुळं माहीत असतं. पुढचं सांगत नाही कोणी. राज्य गेलं तरी निजाम लगेच गेला नाही. १९५६ पर्यंत तो हैदराबादचा राजप्रमुख होता, म्हणजे राज्यपालासारखं पद. आता मे १९५२ बघा. देशाची पहिली राष्ट्रपती निवडणूक. एका बाजूला राजेंद्र प्रसाद, दुसऱ्या बाजूला प्रमुख उमेदवार अर्थतज्ज्ञ के. टी. शाह. आपल्या भागातले आमदार हैदराबादच्या विधानसभेत बसायचे, त्यांनी मत दिलं. आणि राजप्रमुख निजाम? त्याला मत नाही. कारण मत फक्त लोकांनी निवडून दिलेल्या आमदार-खासदारांना. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्याच्या नावाने रुपया चालायचा, त्याला मत नाही, आणि शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या माणसाला आहे. आठ वर्षांच्या पोराला 'प्रजासत्ताक' हा शब्द याहून सोपा करून सांगता येईल असं मला वाटत नाही. राजेंद्र प्रसादांना ५,०७,४०० मतं पडली, शाहांना ९२,८२७.

इथं पोरगी अडवणारच. आमदार-खासदार मिळून काही हजार, मग लाखांत मतं आली कुठून?

तर मताला वजन असतं. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागाकार करा, मग पुन्हा १००० ने भागा. १७५ येतात. म्हणजे आपल्या एका आमदाराचं मत १७५ मतांएवढं. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७. आपल्या जिल्ह्यात आमदार पाच : जालना, बदनापूर, भोकरदन, घनसावंगी, परतूर. पाच गुणिले १७५, ८७५. दहा वर्षांच्या पोरीला हा गुणाकार येतो. सगळ्या राज्यांच्या आमदारांची मतं एकत्र करायची आणि निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायची, म्हणजे खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. २०२२ साली ते ७०० होतं. (खासदाराचा हिशेब जिल्ह्यापुरता करायला जाऊ नका. आपलं घनसावंगी आणि परतूर परभणी लोकसभेत आहे, पोरं नकाशा मागतील आणि दुपार जाईल.)

विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेल्यांनाही नाही. २०१२ साली सचिन तेंडुलकर नुकताच खासदार झाला होता, पण त्या जुलैतल्या राष्ट्रपती निवडणुकीत त्याला मत नव्हतं. आमच्या आमदाराला होतं, सचिनला नव्हतं. हे सांगितलं की पोरं नियम आयुष्यात विसरत नाहीत.

मतदानाची मजा वेगळीच. इथं मशीन नाही. खासदाराला हिरवी मतपत्रिका, आमदाराला गुलाबी. आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहायचं, दुसरं पेन वापरलं की मत बाद. शिक्का नाही, फुली नाही. नावापुढं आकडे टाकायचे, १, २, ३. आपले आमदार मुंबईत विधान भवनात मत देतात आणि ती पेटी विमानाने दिल्लीला जाते. २०२२ साली पेट्यांसाठी माणसांसारखं वेगळं तिकीट काढलं होतं, प्रवाशाचं नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स'!

आकडे कशाला टाकायचे, हे समजवायला फळं घ्या. गल्लीतली पोरं गोळा करून नऊ करा. मोसंबी, सीताफळ, पेरू. प्रत्येकाने चिठ्ठीवर पहिली आणि दुसरी पसंती लिहायची. समजा मोसंबीला चार, सीताफळाला तीन, पेरूला दोन. जिंकायला निम्म्याहून जास्त लागतात, म्हणजे पाच. कोणीच पोचलं नाही. मग सगळ्यात मागचा पेरू बाहेर, आणि त्याच्या दोन चिठ्ठ्यांवरची दुसरी पसंती मोजायची. दोन्हीवर सीताफळ असेल तर सीताफळ पाच, मोसंबी चार. पहिला आलेला हरला! आता भांडण होईल. होऊ द्या.

देशात हे असं एकदाच मोजावं लागलं, १९६९ साली. आणि त्यात 'पेरू' होता आपला मराठी माणूस.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच गेले. काँग्रेसने उमेदवार ठरवला नीलम संजीव रेड्डी. इंदिरा गांधींना ते नको होते, पण पक्षाच्या संसदीय मंडळात त्या अल्पमतात गेल्या. आपले यशवंतराव चव्हाणसुद्धा त्या बैठकीत रेड्डींच्या बाजूने गेले. तिकडं व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले, आणि इंदिराबाईंनी आपल्याच पक्षाच्या उमेदवारामागं न जाता खासदार-आमदारांना सांगितलं, अंतरात्म्याच्या आवाजाने मत द्या.

जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने उभे केले चिंतामणराव देशमुख. रायगडातल्या महाडजवळच्या नाते गावचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला द्यायला दिल्ली टाळाटाळ करते म्हणून यांनी मंत्रिपद सोडलं होतं. आज संयुक्त महाराष्ट्राच्या भाषणांत त्यांचं नाव जेवढं घ्यायला पाहिजे तेवढं घेतलं जात नाही, हे माझं जुनं दुखणं आहे. असो.

पहिली मोजणी : गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कोणीच पोचलं नाही. मग मागचे उमेदवार एकेक करून बाहेर, शेवटी देशमुख बाहेर. दुसऱ्या पसंतीची बहुतेक मतं रेड्डींकडे गेली, जवळजवळ ९२ हजार. गिरींना साडेअठरा हजारच मिळाली. पण तेवढ्यात त्यांचं काम झालं. गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेस फुटली.

या निवडणुकीत पक्षाचा व्हीप चालत नाही. मत गुप्त. ही चांगली गोष्ट म्हणून आपण शिकवतो, आणि आहेच. २००७ साली शिवसेना भाजपसोबत असूनही तिने भैरोसिंह शेखावतांना सोडून प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला, मराठी माणूस म्हणून, आणि तोही उघड सांगून. जळगाव जिल्ह्यातल्या या बाई १९६२ साली २७ व्या वर्षी आमदार झाल्या होत्या, म्हणजे राष्ट्रपती निवडणाऱ्या यादीत त्या पहिल्यांदा आल्या ते आमदार म्हणूनच. पुढं ४५ वर्षांनी त्याच यादीने त्यांना निवडलं. पोरींना ही गोष्ट जरूर सांगा.

पण त्या दहा वर्षांच्या पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "काका, आमदाराच्या मतात आपल्या सगळ्यांचं मत आहे ना? मग त्याने कोणाला दिलं ते आपल्याला का कळत नाही?" मी तिला सांगितलं की गुप्त ठेवलं नाही तर कोणी दबाव आणेल, कोणी पैसे देईल. ती म्हणाली, "गुप्त असलं तरी देतील की." वीस-बावीस वर्षं राजकारण लिहितोय, यावर तिला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही. तिच्या आईला म्हटलं, हा प्रश्न वहीत लिहून ठेवू द्या, खोडू नका.

दुसरा प्रश्न आठ वर्षांच्या धाकट्याचा होता : १९७१ सालची माणसं का मोजायची, आत्ताची का नाही? याचं उत्तर आहे. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात आणली त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून आकडा तिथं गोठवला. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे जाहीर होईपर्यंत तो तसाच राहणार, असं घटनेत लिहिलंय. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ११ कोटी २३ लाखांवर गेला होता, तरी आमदाराचं मत १७५ च. धाकट्याने बोटं मोजली आणि म्हणाला, म्हणजे १९७१ नंतर जन्मलेले आपण कोणी त्यात नाहीच. आई नाही, बाबा नाही, मी नाही, काका पण नाही. फक्त आजी आहे.

द्रौपदी मुर्मूंची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. नवीन जनगणनेचे आकडे त्याआधी हातात येतील असं दिसत नाही, म्हणजे तेव्हाही जालन्याची पाच मतं ८७५ च असतील. वर्षभर आहे हातात. ज्यांच्या घरी पोरं आहेत त्यांनी फळांचा खेळ करून बघा, आणि पोरांनी काय प्रश्न विचारले ते खाली लिहा.